'मीठ कमी झालंय' म्हणजे नेमकं काय झालंय?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका आजींना दवाखान्यात दाखल करावे लागले. वय सत्तरीच्या पुढचे. आठ दिवस जेवण तुटले होते, मळमळ होत होती, चालताना तोल जात होता. नवव्या दिवशी त्या मुलाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागल्या आणि भर दुपारी "दिवे लावा, अंधार पडला" म्हणू लागल्या. घरात कुणी म्हणाले वय झाले, कुणी म्हणाले ऊन लागले. एका नातेवाइकांनी तर "बाहेरचं काही आहे का, तेही बघून घ्या" असे सुचवले. मुलाने ते ऐकले नाही आणि सरळ रिक्षा केली, हे फार बरे झाले. रक्त तपासले तेव्हा सोडियम निघाले ११४.

डॉक्टर घाईत होते. "यांचं मीठ कमी झालंय," एवढे सांगून ते पुढच्या खाटेकडे गेले, आणि त्या चार शब्दांनी घरात भांडण पेटले. आजींना ब्लडप्रेशर. म्हणून सून वर्षभर त्यांना कमी मिठाचे जेवण करून घालत होती, तेही दवाखान्यानेच सांगितले म्हणून. नणंदा आल्या त्या थेट तिच्यावर गेल्या. "आळणी घालून घालून आईला मारायला निघालीस!" ती वॉर्डाबाहेर पदर तोंडाला लावून बसली. धाकट्या मुलाने तोवर लोणचे, पापड आणि खारे शेंगदाणे आणून आजींच्या उशाशी ठेवले होते.

त्या सुनेचा दोष नव्हता, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. का नव्हता ते समजले, की या दुखण्यातले निम्मे समजले.

कालवण घ्या. चार माणसांचे कालवण केले आणि ऐन वेळी आणखी चार पाहुणे आले. मग आपण काय करतो? दोन तांबे पाणी वाढवतो. कालवण आता पाणचट, अळणी लागते. पण पातेल्यातले मीठ कुठे गेले का? ते तेवढेच आहे, पाणी वाढले आहे. रक्तातले सोडियम कमी होते ते बहुतेक वेळा असेच. तपासणीतला आकडा अंगात एकूण मीठ किती आहे हे सांगत नाही. पाण्याच्या मानाने ते किती आहे, हे सांगतो. निरोगी माणसाने मीठ कमी खाल्ले, तर किडनी लघवीवाटे जाणारे मीठ जवळजवळ बंद करून टाकते. नुसत्या कमी मिठाच्या जेवणाने सोडियम ११४ वर येत नाही. तेव्हा पहिली खूणगाठ हीच: मीठ कमी म्हणण्याआधी पाणी जास्त झाले का ते बघा.

रिपोर्टात सोडियमचा आकडा साधारण १३५ ते १४५ असावा लागतो. १३५ च्या खाली गेला की कमी. १३० पर्यंत पुष्कळांना काही जाणवतही नाही, फार तर थकवा येतो, तोल जातो. म्हाताऱ्या माणसांत मात्र एवढ्यानेही पडणे-झडणे वाढते. १२५ च्या खाली धोका मोठा, आणि आकडा जितका झपाट्याने खाली आला तितका त्रास जास्त. हळूहळू उतरलेल्या ११८ वर एखादा माणूस बोलत बसलेला दिसतो आणि दोन दिवसांत १२२ वर आलेल्याला झटके येतात.

झटके का येतात? हरभरे रात्री पाण्यात घातले की सकाळी फुगून दुप्पट होतात. उघड्या पातेल्यात ते बिनधास्त फुगतात. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात तळापासून वरपर्यंत भरलेले हरभरे भिजले तर? रक्त पातळ झाले की पाणी पेशींत शिरते आणि पेशी फुगतात. हातापायाला ते चालून जाते, पण मेंदू कवटीत बंद आहे, त्याला जागा नाही. म्हणून मळमळ, डोकेदुखी, मग असंबद्ध बोलणे, मग गुंगी, मग झटके. आजींचा 'अंधार' तिथून आला होता. त्यात बाहेरचे काही नव्हते, जे होते ते डोक्याच्या आतच होते.

कारणे एका हातावर

कारणे पुष्कळ आहेत. डॉक्टरी शिकणारी मुलेसुद्धा ती लक्षात ठेवायला इंग्रजी अक्षरांच्या युक्त्या करतात. आमच्यातल्या एक ताई परिचारिका आहेत. त्यांच्याशी बसून आम्ही आपल्या घरांसाठी एक युक्ती केली. तिला फक्त आपला डावा हात लागतो.

अंगठा म्हणजे गोळी. पाकिटातली गोळी आपण अंगठ्याने दाबून बाहेर काढतो, म्हणून. पिकल्या वयात सोडियम उतरण्याचे अगदी नेहमीचे कारण म्हणजे ब्लडप्रेशरची 'लघवीची' गोळी: हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड. ही औषधे वाईट नाहीत, लाखो लोकांचे ब्लडप्रेशर ती नीट ठेवतात. पण काही जणांत, विशेषतः सडपातळ, वयस्कर बायकांत, ती सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत सोडियम घसरते. बरेचदा ही गोळी दुसऱ्या गोळीत मिसळलेली असते आणि नावापुढे 'एच'सारखे एखादे अक्षर तेवढे जोडलेले असते, त्यामुळे घरच्यांना पत्ताच लागत नाही. आजींची गोळी तीन आठवड्यांपूर्वी बदलली होती. जुनी पांढरी गेली, नवी गुलाबी आली, एवढेच घरात माहीत होते. फिटची कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन, मन उदास राहते म्हणून दिलेल्या एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्याही याच बोटावर मोजा.

तर्जनी म्हणजे उलटी-जुलाब. घशात घालून उलटी काढतो ते हे बोट. उलटी-जुलाबात पाणी आणि मीठ दोन्ही जातात. आपण मात्र माणसाला नुसते साधे पाणी पाजत राहतो. पाणी भरून निघते, मीठ निघत नाही. इथे खरोखरच मीठ गेलेले असते, आणि औषध आहे ओआरएस.

या ओआरएसची एक हकीकत सांगायलाच हवी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवले, ते पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यू एकदम खाली आले. शिरेत सुई नाही, पंखा नाही, खाट नाही, तरी माणसे वाचली. आपल्या घरात पाकीट नसेल तर उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव बघा: डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर मीठ जास्त पडले, ते ओतून द्या आणि पुन्हा करा. पाकीट असेल तर त्यावर किती पाण्यात घालायचे ते वाचा. एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवून लहान मुलाला दिले तर सोडियम उलट जास्त होते, आणि तेही घातकच.

मधले बोट सगळ्यांत मोठे, म्हणून मोठे अवयव. या बोटाला तीन पेरे आहेत, आणि अवयवही तीन: हृदय, लिव्हर, किडनी. यांतले एखादे थकले की शरीर पाणी आणि मीठ दोन्ही साठवते, पण पाणी जास्त. पाय सुजतात, पोटात पाणी होते, आणि त्याच वेळी रिपोर्टात सोडियम कमी येते. घरच्यांची गल्लत होते ती इथेच. अंगात मीठ भरपूर असते, तरी आकडा कमी असतो. अशा माणसाला 'मीठ कमी आहे' म्हणून खारे खाऊ घातले, तर सूज वाढून त्याचा श्वास कोंडेल.

अनामिका म्हणजे नाव नसलेली. म्हणून तिच्यावर लपलेले कारण ठेवा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्यातून एक संप्रेरक निघते, त्याला एडीएच म्हणतात. 'पाणी धरून ठेव' हा किडनीला दिलेला निरोप म्हणजे ते. आपण भरपूर पाणी प्यायलो, की एरवी हा निरोप थांबतो आणि लघवी मोकळी होते. पण न्यूमोनिया, फुप्फुसाची टीबी, पक्षाघात, मेंदूला मार, फुप्फुसाचा कॅन्सर, ऑपरेशननंतरच्या वेदना अशा वेळी निरोप थांबतच नाही. माणूस सुजलेला नसतो, सुकलेलाही नसतो, बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र पाणी साठत जाते. म्हणून खोकला रेंगाळलेल्या माणसाचे सोडियम विनाकारण कमी निघाले, तर छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी टाळू नका. आपल्या दाटीच्या वस्त्यांत हे आम्ही मुद्दाम लिहितो. आणि अंगठ्याचे टोक अनामिकेला लावून बघा, लागते ना? फिटच्या आणि उदासीच्या गोळ्या सोडियम उतरवतात ते बहुधा याच निरोपाच्या वाटेने.

करंगळी सगळ्यांत लहान. एक तर लहान ग्रंथी: गळ्यातली थायरॉईड आणि किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अॅड्रिनल. या मंदावल्या तरी सोडियम उतरते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्महिने स्टिरॉईड घेऊन ते एकदम बंद करणाऱ्यांच्या अॅड्रिनल अशाच गपगार पडतात. दुसरे म्हणजे लहान घास. एकटी राहणारी म्हातारी माणसे दात नाहीत, भूक नाही, म्हणून दिवसभर चहात खारी किंवा टोस्ट बुडवून खातात. डाळ नाही, अंडे नाही, भाजी नाही. किडनीला पाणी बाहेर टाकायला अन्नातून आलेली प्रथिने आणि क्षार सोबत लागतात. ती नसली, की थोडेसे जादा पाणीही तिला निघता निघत नाही. डॉक्टरी पुस्तकांत या दुखण्याला खरोखरच 'चहा-टोस्ट'चे नाव आहे. जेवण सोडून दारूवर दिवस काढणाऱ्यांचेही हेच होते.

राहिली ओंजळ. ओंजळ पाण्याची. चांगल्या किडनीलाही तासाला फार तर पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकता येते, म्हाताऱ्या किडनीला त्याहून कमी. मोबाईलवर फिरणारे 'सकाळी उठल्याबरोबर तीन लिटर पाणी प्या' हे सल्ले आम्हाला म्हणूनच आवडत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचे तान्ह्या बाळाचे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी देऊ नका, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. डब्याची पावडर महाग म्हणून ती दुप्पट पाण्यात पातळ करून पाजली जाते, हे आम्ही पाहिले आहे. त्यामागची ओढाताण आम्हाला ठाऊक आहे, पण त्या पाण्याने बाळाला झटके येऊ शकतात. अशी वेळ आली तर अंगणवाडी ताईंना गाठा, आईचे दूध परत वाढवता येते.

आता आजींचा हात मोजा. अंगठा: नवी गोळी. करंगळी: पंधरा दिवस चहा-खारी. ओंजळ: उन्हाळा म्हणून सगळ्यांनी आग्रहाने पाजलेले पाणी. तीन कारणे एकदम जुळली. सुनेच्या कालवणातले मीठ यात कुठल्याच बोटावर नाही.

उपचाराचे चार 'स'

उपचार डॉक्टरांनीच करायचे आहेत. पण खाटेशेजारी बसलेल्या माणसाला काय चालले आहे हे कळले, तर चुका टळतात. त्यासाठी चार 'स': सुकला तर सलाईन, सुजला तर संयम, साधा दिसला तर शोध, आणि सगळ्यांना सावकाश.

सुकला म्हणजे जीभ कोरडी, लघवी कमी, उठून उभे राहिले की चक्कर. अशाला सलाईन लागते. सुजला म्हणजे पायावर बोट दाबले की खड्डा राहतो. इथे संयम पाण्यावरही आणि मिठावरही. डॉक्टर दिवसाला एक लिटर किंवा त्याहूनही कमी पाणी ठरवून देतात आणि सूज उतरवणारी औषधे देतात. साधा दिसला, म्हणजे सूज नाही, कोरडेपणा नाही, तर अनामिकेचा शोध घ्यायचा, आणि तोवर पाणी मोजूनच. अशा रुग्णाला साधे सलाईन चढवले तर सोडियम कधी कधी आणखी उतरते. म्हणून "दोन बाटल्या चढवा, बरं वाटेल" असा हट्ट गल्लीतल्या दवाखान्यात धरू नका. आजींच्या वेळी आधी हेच झाले होते, तपासणी न करता बाटली चढवली गेली आणि एक दिवस वाया गेला.

झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर मोठ्या दवाखान्यात ३ टक्के मिठाचे खास सलाईन थोडे थोडे, नजर ठेवून देतात. नेहमीच्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, यात ३० ग्रॅम. आकडा चार-सहाने वर आला की जिवावरचा धोका सहसा टळतो.

आणि मग येतो चौथा 'स'. नातेवाइकांचा धीर सुटतो तो इथेच. तिसऱ्या दिवशी आजींचा आकडा १२३ होता. मुले डॉक्टरांवर चिडली. "तीन दिवस झाले, अजून नॉर्मल नाही? आम्ही खासगीत हलवतो." त्या डॉक्टरांचे बरोबर होते. सोडियम दोन-तीन दिवस कमी राहिले की मेंदूच्या पेशी त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतात, आपल्यातले क्षार बाहेर टाकून फुगलेपण कमी करतात. अशा वेळी रक्तातले सोडियम एकदम वर नेले, तर पेशींतले पाणी भसकन बाहेर ओढले जाते आणि मेंदूच्या देठाजवळच्या नसांवरचे आवरण खराब होते. माणूस आधी शुद्धीवर येतो, घरचे खूश होतात, आणि दोन ते सहा दिवसांनी त्याचे बोलणे जाते, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. ते नेहमी भरून येतेच असे नाही. दारू पिणाऱ्यांत, उपासमार झालेल्यांत आणि लिव्हर बिघडलेल्यांत हा धोका जास्त असतो. म्हणून चढ ठेवायचा तो चोवीस तासांत आठाच्या आत. काहींना फार तर दहा, त्याच्या पुढे नाही. दर चार-सहा तासांनी रक्त काढतात ते यासाठीच. 'उगाच रक्त काढून बिल वाढवतात' असे इथे म्हणू नका.

घरी असताना माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला किंवा झटका आला, तर १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, आणि मीठ-पाणी तर मुळीच पाजू नका, ते फुप्फुसात जाईल. मधुमेह असेल तर साखरही लगेच तपासून घ्या. साखर उतरली तरी माणूस असाच बडबडतो, आणि साखर फार चढली की रिपोर्टात सोडियम कमी दिसते. ब्लडप्रेशरची, फिटची किंवा उदासीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. नवी गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत मळमळ, तोल जाणे, विसरभोळेपणा दिसला, तर पाकीट घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि "सोडियम तपासायचं का?" असे स्पष्ट विचारा. ही तपासणी महापालिकेच्या आणि सरकारी मोठ्या दवाखान्यांत होते.

आजी आठव्या दिवशी घरी आल्या. आकडा १३३ होता. गोळी बदलून मिळाली, सकाळी एक उकडलेले अंडे आणि दुपारी वाटीभर डाळ सुरू झाली, खारी उरली ती फक्त संध्याकाळच्या चहाला. कमी मिठाचे जेवण तसेच चालू आहे, कारण ब्लडप्रेशर तसेच आहे. सुनेने दारामागच्या खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवली आहे. त्यात सगळ्या गोळ्यांची पाकिटे, शेवटचे रिपोर्ट आणि वहीचा एक कागद असतो. नातवाने त्या कागदावर स्वतःचा डावा हात ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली आहे आणि प्रत्येक बोटावर एकेक शब्द लिहिला आहे. दवाखान्यात जाताना आता आधी ती पिशवी निघते, मग आजी.